दिवस मावळायच्या आत साठ हजार

१ नोव्हेंबर १९९८, रविवार. सकाळी सहा.

ही वही जो कोणी उघडेल त्याने आधी सांगावं, परवा संध्याकाळी काय जेवला होता. आठवत नाही ना? वाटलंच मला. मला सगळं आठवतं, तरी वही मलाच ठेवायला लावली आहे. ज्यांना आठवत नाही ते मोकळे फिरतात.

वही दिली रुचिताने. माझी नात. कॉलेजात प्राणिशास्त्राची लेक्चरर आहे. माणसाच्या अंगात एक घड्याळ असतं आणि ते बिनचावीचं चालतं, असं तिचं शास्त्र. त्यासाठी म्हाताऱ्या माणसांनी कधी उठलं, कधी जेवलं, कधी झोपलं ते रोज लिहून ठेवायचं. तिने अकरा म्हातारी माणसं धरली आहेत. त्यात मी पहिली.

मला अक्षर येत नाही. शाळेत गेले नाही, त्यावाचून काही अडलंही नाही. तेव्हा मी सांगते आणि सून लिहिते. सून म्हणजे पद्मा, रुचिताची आई; मला आत्ती म्हणते. लग्नाआधी ती हातकणंगल्याला बालवाडीच्या बाई होती, त्यामुळे मी 'हाय' म्हटलं तरी ती 'आहे' लिहिते. लिहू दे. अक्षर तिचं, अक्कल माझी.

रुचिताला फक्त वेळा द्यायच्या. बाकी वही माझी मला. दुसऱ्या कोणी वाचायची नाही.

रात्रीची झोप: अजिबात नाही. डोळ्याला डोळा लागला नाही.

(आत्ती नऊ ते साडेपाच झोपल्या होत्या. मध्ये एकदा मांजराला हाकललं, तेही झोपेतच. – पद्मा)

जेवण: दिवस मावळायच्या आत. आम्ही जैन. साठ वर्षं झाली, सूर्य बुडाला की माझ्या तोंडात पाण्याचा थेंब नाही. रात्री आठला कपभर हळद-दूध घेते ते औषध. औषधाला दिवस-रात्र नसते. त्यात गूळ घालते, कारण हळद उग्र लागते.

संकल्प: दुपारची झोप आजपासून बंद.

३ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी साडेसात.

दुपारची झोप घेतली नाही. जेवल्यावर आडवी झाले आणि डोळे मिटून विचार केला. उठले तेव्हा साडेतीन वाजले होते. एवढा विचार होता.

विचार असा. रुचिता फेब्रुवारीत कोल्हापुरात कॉन्फरन्स भरवणार आहे, ह्या अंगातल्या घड्याळावरच. देशभरातून शंभर शास्त्रज्ञ, शिवाय जर्मनीचा एक. दिल्लीच्या ऑफिसने एक लाखाची ग्रँट मंजूर केली आहे. पण अट आहे. साठ हजार इथले इथे जमवायचे आणि तीस नोव्हेंबरपर्यंत बँकेचा दाखला दिल्लीला पाठवायचा. त्याला मॅचिंग म्हणतात. नाही जमलं तर ग्रँट आणि कॉन्फरन्स दोन्ही धारवाडला. तिथले एक सर तयारच बसले आहेत.

पोर तीन वर्षं ह्या एका गोष्टीच्या मागे आहे. नोकरीला सात वर्षं झाली तरी कॉलेजात तिला 'माश्यावाल्या मॅडम' म्हणतात, कारण ती माश्यांवर काम करते. कॉन्फरन्स झाली की म्हणणार नाहीत.

जिनपालने, माझ्या मुलाने, दहा हजार बाजूला काढले आहेत. शिरोलीला त्याची लहानशी फौंड्री आहे, सध्या ऑर्डरी नाहीत, तरी काढले आहेत. राहिले पन्नास. ते पन्नास आज बुलेटवर बसून घरी आले.

कोडोलीचे बाळासो म्हणून कोणी पावणे. रुचिताचं भाषण त्यांनी कुठल्याशा मेळाव्यात ऐकलं होतं आणि त्यांचा त्यामुळे फायदा झाला होता. फार लाघवी माणूस. पन्नास हजार देतो, हॉलवर आमचा एक बॅनर लावा, बास, म्हणाले. मी स्वतः उठून दुसरा चहा टाकायला सांगितला. शेडमधले दिवे, टायमर असं काय काय बोलत होते. मला वाटलं शेडमध्ये टोमॅटो असतील.

मग म्हणाले, "मॅडमनी सांगितल्यापासनं कोंबडीला रात्र कमीच दावतो. दिवस हाय म्हणून ती बिचारी अंडं देत्या की वो."

मी कप खाली ठेवला. अगदी गोडीत सांगितलं, आमच्या घरात अंड्याचा पैसा चालत नाही. बाळासो हसले. त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करते आहे. जाताना माझ्या पाया पडून गेले.

ते गेल्यावर रुचिताने कपबशा गोळा केल्या. मग म्हणाली, "पन्नास कोण देणार, आज्जी?"

"मी."

ती हसली. मी संध्याकाळचं जेवण सोडलं. सूर्य बुडायला दहा मिनिटं राहिली तेव्हा जिनपाल म्हणाला, बाळासो पंचवीस तारखेपर्यंत थांबायला तयार आहेत, तोवर आईला बघू दे काय जमतं ते. मग जेवले. दहा मिनिटांत चार भाकरी हे ह्या वयात कोणाला जमत नाही.

संकल्प: पंचवीसच्या आत पन्नास हजार. चांगल्या पैशाचे.

५ नोव्हेंबर, गुरुवार.

पद्माकडून बावीस नावांची यादी करून घेतली. आज तीन घरं केली.

पहिले गुळाचे व्यापारी. नात्याने माझ्या भावाचे साडू. बसवलं, विचारपूस केली, गेल्या वर्षीचा भाव आणि ह्या वर्षीचा भाव सांगितला. मी अंगातलं घड्याळ समजावून सांगितलं. त्यांनी एक्कावन्न रुपये आणि एक कॅलेंडर दिलं. कॅलेंडर पुढच्या वर्षाचं आहे, म्हणजे संबंध पुढेही चालू ठेवायची त्यांची इच्छा दिसते.

दुसरे कापडवाले. पैसे दिले नाहीत, पण पाहुण्यांना शाली घातल्या तर सवलत देतो म्हणाले. तिसरे घरी होते पण घरी नव्हते. चपला बाहेर, माणूस आत, आणि सांगायला सून. तीच सून वर मला विचारते, आज्जी, ही शास्त्राची माणसं किडामुंगी मारत नाहीत ना? मारत असतील तर आमच्याकडून दान नाही. नाही तरी कुठे देत होते.

जमा: एक्कावन्न. सुरुवात दणक्यात झाली.

(देणारी अशी नऊशे ऐंशी घरं लागतील. – पद्मा)

पद्मा कंसात काहीतरी लिहिते आहे असं मला कळलं आहे. तिचा पेन थांबायला हवा तेव्हा थांबत नाही.

७ नोव्हेंबर, शनिवार.

किडामुंगीचा प्रश्न मिटवला. स्वतः लॅबमध्ये जाऊन आले.

केळी पिकली की जी चिलटं येतात ना, तिळाएवढी, ती रुचिता बाटलीत पाळते. खायला लापशी घालते. एका खोलीला खिडकीच नाही. आत मिट्ट काळोख, फक्त तिचा एक लाल दिवा. तिथल्या माश्यांना दिवस कधी उगवला ते कळायला काही मार्ग नाही. तरी रोज ठरल्या वेळेला उठतात. कोणी हाक मारत नाही, कोणी चहा देत नाही. आपल्या आपण उठतात आणि हिंडायला लागतात.

मला भरून आलं. म्हटलं, ह्या माझ्यातल्याच आहेत.

रुचिताला विचारलं, मारत नाहीस ना? ती बाटलीवरचं लेबल पुसत म्हणाली, म्हाताऱ्या होतात गं त्या. कोपऱ्यात तेलाची एक बाटली होती. तळाला बारीक काळं काहीतरी साचलं होतं. मोहरी असणार. दुपारच्या डब्याला लोणचं घालत असतील तिथली पोरं. मी विचारलं नाही. प्रत्येक गोष्ट विचारत बसायचं नसतं.

निष्कर्ष: हिंसा नाही. सगळ्यांना तसं सांगणार.

रात्रीची झोप: नाही. त्या माश्यांचाच विचार.

११ नोव्हेंबर, बुधवार.

मार्ग सापडला. इतका सोपा की शंभर शास्त्रज्ञांपैकी एकाला सुचला नाही.

आमच्यात देवळात पूजा असली की मान बोलीने जातो. पहिला कलश कोण घालणार, आरती कोण धरणार. जो जास्त बोलेल त्याचा मान. सकाळी पाच रुपयांच्या भाजीसाठी घासाघीस करणारा माणूस दुपारी देवळात पाच हजार बोलतो. आणि आमच्या देवळात बोलण्यात पहिला नंबर झुंबरबाईचा. चाळीस वर्षं ती माझ्यावर बोलते आहे. मी शंभर म्हटलं की ती सव्वाशे. चांगली बाई आहे, फक्त तिला तिच्या घरच्यांनी कधी आवरलं नाही.

तर कॉन्फरन्सचे मान काढायचे. दिवा कोणी लावायचा. जर्मनीच्या पाहुण्याला फेटा कोणी बांधायचा. बाकीच्यांना हार कोणी घालायचे. पहिला चहा कोणाच्या नावाने. आभार कोणी मानायचे. रविवारी शांतिविधान आहे, सगळा समाज जमतो. पूजा संपली की लगेच बोली.

रुचिता म्हणाली, घ्यायचीच तर कॉलेजच्या हॉलमध्ये घे. तिला अनुभव नाही. कॉलेजच्या हॉलमध्ये माणूस फक्त पंखा चालू करा म्हणतो. देव समोर असला आणि झुंबरबाई शेजारी असली की पाकीट सुटतं.

आदगोंडा अण्णांकडे गेले. देवळाचे अध्यक्ष. त्यांनी मला तीनदा विचारलं, "देवासमोरच घ्यायची न्हवं, अक्का?" मी तिन्ही वेळा व्हय म्हटलं. कानाने कमी झालेत बहुतेक. पण फार खूश झाले. स्वतः चहा घेऊन आले. असा माणूस अध्यक्ष पाहिजे.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी अकरा.

पद्माकडून कोडोलीला फोन लावून घेतला. बाळासोंना उगाच लटकत ठेवणं बरं नाही. म्हणाले, पैसं बाजूला ठिवल्यात आजी, काळजी नसावी. मी म्हटलं, ठेवू नका, त्यांची काय वाट लावायची ती लावा. म्हणाले, मॅडमना विचारलंय न्हवं? मी म्हटलं, मॅडम माझी नात आहे.

रुचिताला सांगितलं नाही. तिच्याकडे पेपर तपासायला आलेत, डोक्याला ताप नको.

पद्माने दोनदा विचारलं, हे लिहू का. लिही म्हटलं. चांगलं काम लपवायचं कशाला? फक्त रुचिताला सांगू नकोस.

१५ नोव्हेंबर, रविवार. रात्री आठ, औषध घेताना.

लिही, पद्मा, मोठ्या अक्षरात लिही. पन्नास हजार पाचशे चार.

सभामंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. मी पाच मिनिटं बोलले. अंगातलं घड्याळ, दिवस मावळायच्या आत जेवणारी आपली माणसं, आपल्या वाडवडिलांनी सांगितलं तेच आता जर्मनीचा माणूस कसं शोधून काढतो आहे, सगळं सांगितलं. रुचिता खांबाला टेकून उभी होती. ती म्हणाली असं काही शोधलेलं नाही, पण हळू म्हणाली.

हार नऊ हजार एकला गेले. पहिला चहा साडेनऊ हजार एकला. चहाला एवढे पैसे उभ्या गावात कोणी दिले नसतील. जर्मनाचा फेटा झुंबरबाईने एकवीस हजार एकला घेतला. एकदम एकवीस. तिच्या मुलाचं तोंड बघायला पाहिजे होतं.

दिव्याची बोली राहिली. तीही तिच्याच गळ्यात घालायची असं मी ठरवून होते. ती पाच म्हणाली, मी सात. ती नऊ, मी अकरा हजार एक. आता ही तेरा म्हणणार, चाळीस वर्षांचा माझा हिशेब आहे. बाई पदर सारखा करून छताकडे बघायला लागली. अण्णांनी एक वार म्हटलं, दोन वार म्हटलं. मी तिला कोपराने ढोसलं. ती म्हणाली, "घ्या की अक्का, तुमची नात हाय." तीन वार झालं.

तर दिवा मी लावणार. अकरा हजार एक माझे. असू दे. ते पन्नास हजार पाचशे चारमध्ये धरलेच आहेत, म्हणजे बाहेर कुठे गेले नाहीत.

आभाराला कोणी बोललं नाही.

घरी येताना रुचिताने माझा हात धरला होता. रस्त्यात ती गाणं गुणगुणत होती. दहावीला होती तेव्हापासून मी ऐकलं नव्हतं.

रात्रीची झोप: लागेल.

१६ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी बारा.

सकाळी नऊला आदगोंडा अण्णा पावतीपुस्तक घेऊन आले. मला वाटलं पैसे घेऊन आले. त्यांनी अकरा हजार एकची पावती फाडून माझ्या हातात दिली. मी ती पद्माला दिली. पद्माने वाचली आणि परत माझ्या हातात दिली.

पावती देवळाच्या नावाची. शिखराच्या जीर्णोद्धाराची.

मी म्हटलं, अण्णा, हे कॉन्फरन्सचे. अण्णा म्हणाले, "देवासमोर बोललेला पैसा देवाचा, अक्का. म्हणूनच तर तीनदा इचारलं. मागं एकानं शाळंच्या खोलीसाठी देवळात बोली घेतली, किती भांडणं झाली. ह्या बारीला म्हटलं आधीच पक्कं करावं."

मी विचारलं, मग दिव्याचं काय?

"मान तुमचाच की. कॉन्फरन्समधी दिवा तुमीच लावा. मान तुमचा, पैसा देवाचा."

फेट्याचे एकवीसही शिखराला, हारांचेही, चहाचेही. देणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक होतं म्हणे. त्यांनी देवाला म्हणूनच दिले. झुंबरबाईलासुद्धा ठाऊक होतं. साठ वर्षं त्याच देवळात मीही बोली बोलते, पण नियम लक्षात ठेवायचं काम अध्यक्षाचं, माझं नाही.

बोललेला मान परत घेता येत नाही. जिनपालने बाजूला काढलेले दहा हजार अण्णांना मोजून दिले. वरचे हजार आणि एक पद्माने तांदळाच्या डब्यातून काढले. जिनपाल जेवायला बसला तेव्हा वरण मागे सारून नुसता भात खाल्ला.

मॅचिंगला शिल्लक: एक्कावन्न.

१८ नोव्हेंबर, बुधवार.

हातावर हात धरून बसणाऱ्यातली मी नाही. आज सकाळी अण्णांच्या दारात उपोषणाला बसले. नऊ ते बारा. मध्ये त्यांच्या सुनेने उप्पीट आणलं ते घेतलं, कारण उपोषण पैशासाठी होतं, उप्पिटाशी माझं भांडण नव्हतं.

अण्णा अखेर नमले. एका संध्याकाळी सगळ्या शास्त्रज्ञांना देवळाच्या हॉलमध्ये जेवण. कांदा, लसूण, बटाटा नाही, आणि पंगत साडेपाचला बसणार, सूर्य बुडायच्या आत उठणार. घड्याळाचा अभ्यास करणाऱ्यांना ह्याहून चांगलं काय मिळणार?

रुचिताला सांगितलं. तिने विचारलं, जेवणाचा बँक दाखला देते का? मग स्वतःच म्हणाली, जाऊ दे आज्जी, बाळासो आहेत अजून. उद्या त्यांना फोन करते. बाबांचे दहा मी माझ्या पगारातून भरते.

मी म्हटलं, तू फोन करू नकोस. अंड्याचा पैसा घ्यायचा तर मोठ्या माणसाने जाऊन मानाने घ्यावा. शनिवारी मी जाते.

(मी आत्तींना म्हटलं, आता तरी सांगा. त्या म्हणाल्या, शनिवारनंतर सांगण्यासारखं काही उरणारच नाही. – पद्मा)

२१ नोव्हेंबर, शनिवार. रात्री नऊ.

कोडोलीला जाऊन आलो, मी आणि पद्मा. एस.टी.ने. पैसे मागायला गेले नव्हते. दिवे कसे लावलेत ते बघायला गेले होते.

पाच हजार कोंबड्या. शेडमध्ये शिरलो तेव्हा बाहेर अंधार पडायला आला होता आणि आत ट्यूबलाइटचा लखलखाट. सगळ्या खात होत्या. बाहेर दिवस संपला हे एकीलाही कोणी सांगितलेलं नाही. समोर आलं ते टिपायचं, उजेड आहे तोवर खात राहायचं. मी पद्माला म्हटलं, बघ, किती खात्रीने खातात. पद्मा माझ्याकडे बघत राहिली.

बाळासोंनी खुर्ची आणली. मी इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हटलं, ते पन्नास अजून बाजूला असतील ना?

ते कानामागे खाजवायला लागले. "आजी, तुमीच म्हणला न्हवं, वाट लावा म्हणून. गावच्या कुस्त्यांच्या मैदानाला दिलं. पैलवानास्नी सांगावं गेलं, गदा सुदिक आली घरात. आता मागं कसं घ्यायचं? मला तालमीतली पोरं गावात राहू देतील व्हय?"

मी म्हटलं, बरोबर आहे. तुम्ही अगदी बरोबर केलंत.

गदा दाखवली. चांगली आहे. चांदीचा पत्रा आहे वरून.

निघताना त्यांनी खिशातले दोन हजार काढून माझ्या हातात ठेवले, मॅडमना माझ्याकडनं म्हणून. मी आधी विचारून घेतलं, हे अंड्यांचे का? ते पद्माकडे बघून म्हणाले, न्हाय, खत इकून आल्यालं. खताचे चालतात. खत शेतात जातं. ते घेतले. अंड्यांचा एक ट्रेही देत होते, तो पद्माने हात जोडून परत केला.

आज जेवण नाही. दिवस मावळला तेव्हा शेडमध्येच होतो.

जमा: दोन हजार एक्कावन्न.

२२ नोव्हेंबर, रविवार.

रुचिताला सांगितलं. फोनचंही सांगितलं. सगळं नीट क्रमाने सांगितलं, की कशी एकेक गोष्ट दुसऱ्यांनी बिघडवली.

तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, "आज्जी, हे तू माझ्यासाठी करत होतीस की झुंबरबाईसाठी?"

हे लिहू नकोस, पद्मा.

लिहिलंस ना. पेनचा आवाज येतो मला.

मग ती यादी करायला बसली. आठ दिवसांत जे जमेल ते बघते म्हणाली. बँक, कॉलेज, तिचे जुने सर. मी आणखी दोन नावं सुचवली, ती तिने लिहून घेतली नाहीत.

३० नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी सात.

अठरा हजार जमले. साठ लागत होते.

रुचिता तिने जमवलेले अठरा हजार ज्याचे त्याला परत करून आली. दिल्लीला पत्र तिनेच लिहिलं. टेबलावर बसून एका दमात लिहिलं, खाडाखोड नाही. मी विचारलं, काय लिहिलंस, तर वाचून दाखवलं. इंग्रजीत होतं. धारवाड एवढं कळलं.

उद्या कॉलेजात सांगावं लागेल, म्हणाली. मी येऊ का सोबत, विचारलं. नको म्हणाली.

मी तिला सांगितलं, शंभर माणसं म्हणजे शंभर गाद्या, शंभर उशा, शंभर तोंडं. फेब्रुवारीत पाण्याची टंचाई. एका परीने सुटलीस. ती बरं म्हणाली आणि माश्यांना लापशी घालायला गेली. रविवार असो, सणवार असो, त्यांना घालावीच लागते.

रात्रीची झोप: काल चांगली लागली. गाढ.

(आत्ती काल रात्रभर जाग्या होत्या. दोन वाजता देवघरात बसल्या होत्या. दूधही तसंच राहिलं. – पद्मा)

५ फेब्रुवारी १९९९, शुक्रवार. दुपारी तीन.

उद्या पहाटेच्या गाडीने रुचिता धारवाडला जाते आहे, तीन दिवस. कॉन्फरन्स तिथे आहे. जर्मनीचा माणूसही तिथेच आला आहे. फेटा कोणी बांधला ते कळलं नाही. कानडी लोकांना आपल्यासारखा जमत नाही, तो सुटणार.

तिलाही बोलायला दिलं आहे. दुसऱ्या दिवशी, सगळ्यात शेवटी, दहा मिनिटं. बाळासोंचे दोन हजार तिकिटाला आणि फीला लागले. म्हणजे कॉन्फरन्सला माझा हातभार लागलाच. एक्कावन्न उरले आहेत, ते वाटखर्चाला दिले.

म्हाताऱ्या माणसांच्या झोपेवरच बोलणार आहे. मी विचारलं, माझं नाव घेणार ना? तर म्हणाली, नाव कोणाचंच घेत नाहीत, आणि तुझी वही मी धरली नाही आज्जी. अकरापैकी दहाच धरल्या. का, तर तू जे सांगतेस आणि जे झालेलं असतं त्यांचा मेळ बसत नाही. शास्त्राला अशी वही चालत नाही.

बाकीच्या दहा जणांना वाईट वाटू नये म्हणून काढली असणार. तिच्या ब्लाउजची शिवण उसवली होती तेवढी घालून दिली. सुईत दोरा तिनेच ओवला. मान खाली घालून म्हणाली, एकदा इथे झाली असती तर बरं झालं असतं. कोणाला म्हणाली कळलं नाही. खोलीत आम्ही दोघीच होतो.

आता लिही पद्मा, आणि लिहून झालं की लगेच करायला घे. शेंगांच्या पोळ्या तीस. दाणे चांगले खमंग भाज, घाईत कच्चे ठेवू नकोस, तीन दिवस टिकल्या पाहिजेत. दहा पोळ्या वेगळ्या बांध, तूप लावून, त्या धारवाडच्या सरांना. त्यांनी कॉन्फरन्स नेलेली नाही, मी पाठवली आहे, तेव्हा रिकाम्या हाताने कशी पाठवायची? कडक भाकऱ्या आठ, कारळ्याची चटणी, लसूण नको. दही तिथे मिळेल.

आणि एक लहान डबा पिशवीत सगळ्यात वर ठेव, दूध घालून मळलेल्या दशम्या आणि गूळ. तिथे रात्री उशिरापर्यंत बोलत बसतात म्हणे, तिला भूक लागते. कितीही वाजता लागली तरी खा म्हणावं. बाहेर बघत बसू नकोस, दिवस आहे का रात्र.